भिंतीलगतची उघडी पट्टी

९ फेब्रुवारी २०१४ ही तारीख मागे छापलेल्या एका छायाचित्रात घरापुढची हिरवळ दिसते आणि कुंपणभिंतीलगत मातीची एक उघडी पट्टी, साधारण चाकांच्या खुर्चीइतकी रुंद. एवढे निर्विवाद. पुढचे बहुतेक सारे तिघांच्या सांगण्यावर उभे आहे: मास्तर, त्यांची पत्नी आणि त्यांची लेक. जिथे तिघांचे जुळत नाही, तिथे तसे नोंदवले आहे.

मास्तर म्हणजे शिंपी. हयात कपडे बेतण्यात गेली. दुकान बंद केल्यावर हाताला चैन पडेना, म्हणून त्यांनी हिरवळ हाती घेतली. ती त्यांनी मखमलीसारखी सांभाळली, आणि हे अलंकारिक विधान नव्हे. मखमलीची लव एकाच दिशेने बसली नाही तर रंग दुभंगतो, म्हणून गवत कापायचे यंत्र नेहमी फाटकाकडून दाराकडेच चाले. परतीला मास्तर ते उचलून आणत. गवत इतके आखूड कापत की शेजारी कुंपणावरून विचारी, "मास्तर, इस्त्री कधी फिरवताय?"

"उन्हं उतरू द्या," मास्तर शांतपणे उत्तर देत.

मग पत्नीच्या डाव्या अंगावरून वारे गेले. गल्ली त्यांना काकू म्हणते. इस्पितळातून घरी आल्यावर लवकरच काकू न्हाणीघरातल्या फरशीवर पडल्या. हाड वाचले, धीर मोडला. फरशीवर चालायचे म्हटले की त्या दाराची चौकट सोडत नसत. गवतावर मात्र चालत, कारण पडले तरी गवतच. उजवा तळवा भिंतीवर टेकवत त्या टोकापर्यंत जात, आणि मास्तर त्यांना चाकांच्या खुर्चीतून त्याच वाटेने परत आणत. रोज तीच वाट. गवत आधी पिवळे पडले, मग गेले.

मास्तरांनी शिंप्याला सुचेल तेच केले: ठिगळ लावले. कोपऱ्यातून हिरवळीचे मातीसकट तुकडे कापून पट्टीवर बसवले, आणि शिलाईला माया सोडावी तशा त्यांच्या कडा बोटभर एकमेकींवर चढवल्या. त्या कडा वाळून ताठ झाल्या. एका संध्याकाळी काकूंचा पाय त्यांतच अडकला. मास्तरांनी वेळीच सावरले. पण लेकीने खिडकीतून पाहिले होते.

"बाबा, आता पुरे. इथे खडबडीत फरशी घालू, बाजूला कठडा बसवू. गवंडी पुढच्या महिन्यात मोकळा होतोय."

"फरशीवर मी चालायची नाही," काकू म्हणाल्या.

"मग चालायचंच बंद करशील?"

"करीन."

लेकीचे चुकत नव्हते आणि आई हटणारी नव्हती. गवंडी येण्याआधी काही जमले नाही, तर काकूंचे चालणे संपले, एवढे मास्तरांना कळले.

त्यांनी रोपवाटिका चालवणाऱ्या बाईंना बोलावून आणले. बाईंनी पट्टीत खुरपे रोवून पाहिले. ते टोकाच्या पुढे जाईना.

"मास्तर, वरून ठिगळं काय लावताय? खाली जमिनीचा दगड झालाय."

"पाणी रोज घालतो की."

"रोज शिंपडता. त्यानं मुळं वरवरच राहतात. थोड्या दिवसांआड घाला, पण पोटभर. आणि इतकं बारीक कापू नका हो! पातंच उरलं नाही तर गवत जगणार कशावर? एका वेळी वरचा तिसरा हिस्सा, बस्स. दर वेळी दिशाही बदला."

"दिशा?" मास्तरांना हेच सर्वांत जड गेले, असे लेक सांगते.

"आणि जमीन पोकळ केली की तिच्यावर पाऊल नाही, चाकही नाही. काकूंना दुसरीकडे चालवा. रोज वेगळ्या वाटेने."

दुसरीकडे भिंत नव्हती.

पट्टीत पहारीने भोके पाडली, त्यांत वाळू आणि कुजलेल्या पाचोळ्याचे खत भरले, बी पेरले, कडेने दोरी ताणली. भिंतीच्या जागी मास्तर स्वतः उभे राहिले.

"तुम्ही हलता," काकू म्हणाल्या. "भिंत हलत नाही."

"भिंतीला गुडघे नाहीत, अगं."

"तोंडही नाही. गप्प चला."

सुरुवातीला त्या मधोमध जाऊन थिजत, मास्तरांची बाही मुठीत गच्च धरून. सदऱ्यांच्या बाह्या खांद्यापाशी उसवल्या. इकडे हिरवळ न्हाव्याला चुकवणाऱ्या पोरासारखी वाढली. मास्तरांना ते पाहवेना, तरी त्यांनी हात आवरला. उंच गवतात पाऊल अलगद बसते, असे काकू सांगतात. एकदा त्या पडल्याच. मास्तर लगेच खाली वाकले, तर काकू आडव्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "अहो, उचलायची घाई करू नका. बरं वाटतंय."

गवंडी मोजमापाला आला त्या सकाळी पट्टीवर विरळ पोपटी कोंब होते. त्यांच्या जोरावर कोणी फरशी रद्द केली नसती. लेक त्याला घेऊन फाटकातून आत आली आणि थांबली. आई हिरवळीच्या मध्यावर उभी होती, एकटी. मास्तर दूर नळापाशी पाण्याच्या नळीचा पीळ सोडवत होते. आईने एक पाऊल टाकले. मग, बऱ्याच वेळाने, दुसरे.

गवंड्याने टेप काढला. "राहू द्या," लेक हळूच म्हणाली.

"मग कधी येऊ?"

"सांगते." तिने नंतर कधीच सांगितले नाही.

पट्टी आज वेगळी ओळखू येत नाही. पट्टी भरली ती जमीन पोकळ केल्याने की चाके हटल्याने, हे सांगता येत नाही. दोन्ही एकदमच झाले. त्या सकाळी हात कोणी सोडला, हेही ठरत नाही. मास्तर म्हणतात, नळी सोडवायला तिनेच पाठवले. काकू म्हणतात, ते न विचारताच गेले. लेक त्या वेळी फाटकाबाहेर होती. गवंड्यालाही विचारले; त्याचे तिकडे लक्षच नव्हते.