दुसऱ्या नंबराचा गाडा
आज सुपारी कातरताना तो तुरट वास आला आणि भाजे गावच्या माहेरघरातली ती दुपार आठवली. मला बघायला पाहुणे आले होते. आधीची दोन स्थळं, पोरगी मुकी वाटते म्हणून परतली होती, त्यामुळे आई दाराआड देव आठवत होती. मुलाच्या आजोबांनी तबकात नऊ सुपाऱ्या मांडल्या. "ह्ये नऊ बैलगाडे. शर्यतीच्या घाटात एका येळी तीनच पळत्यात. चारच फेऱ्यांत पयला नि दुसरा काढ." मी तीन-तीन गाडे पळवले, मग जिंकलेले तिन्ही पुन्हा पळवले. "ह्यो पयला, ह्यो दुसरा," मी पुटपुटले. "आन् आदल्या फेरीत ह्या पयल्याच्याच मागं आलेला? त्योच दुसऱ्यापरीस पळका असला, तर?" आजोबांनी विचारलं. मी सुपाऱ्या तबकात परत ठेवल्या आणि म्हटलं, "मला न्हाई कळत, आबा." आजोबा हसले. "मलाबी न्हाई. जत्रंत पंच हुतो, ह्याच्यावरनंच भांडणं लागली, पर 'कळत न्हाई' असं कुणी म्हनलं न्हाई. लावा पोरीला कुंकू." संसार सगळा झाला, तरी मी अजून मनात ते गाडे पळवून बघते. दुसरा कोणता ते ठरत नाही, आणि त्या दिवशी मी पसंत कशी पडले, तेही कळत नाही.