काडी लावायची नाही!

हसणार नसाल तरच सांगतो. आणि तो चहा आधी खाली ठेवा, नाकातून येईल!

मी पाचोऱ्याकडच्या एका गावाचा सरपंच. आमच्या गावात एक नाना आहेत. इकडचं तिकडे सांगून भांडणं लावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. एकदा भर ग्रामसभेत माझं डोकं फिरलं. टेबलावर हात आपटून ओरडलो, "यापुढे या गावात कुणी काडी लावायची नाही! जो लावेल, त्यानं ग्रामसभेत कान धरून उठाबशा काढायच्या!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नाना सोडून.

आता आमचे ग्रामसेवक नवे, कोकणातले. त्यांनी शेजारच्याला विचारलं, "इथे काडी म्हणजे काय हो?"

"कपाशीनी! आखो कसानी?"

आमच्याकडे आखो म्हणजे आणखी. झालं! ठराव लिहिला गेला: कपाशीच्या काड्या जाळायला बंदी. शिक्षेसकट!

मी न वाचता सही ठोकली. ठराव तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, तिथून थेट मुंबईला. राज्याचं पर्यावरण धोरण ठरत होतं म्हणे, आणि गावं काय करतात ते त्यांना हवं होतं. एक दिवस फोन आला, "सरपंच, तुमच्या ठरावावरून राज्याचा नियम करायचाय. बघायला येतोय."

तेव्हा कुठे मी ठराव वाचला. खरं सांगून टाकायला हवं होतं ना? पण सत्काराचा हार कुणाला नको असतो हो! मुंबईच्या मॅडम आल्या. मी छाती फुगवून भाषण ठोकलं, "धूर दिसला की माझा जीव गुदमरतो!"

आणि पाहुण्यांना जेवायला काय? थंडीचे दिवस, खान्देश. भरीतच! आणि भरिताची वांगी गॅसवर भाजायची? त्यापेक्षा सरपंचकी सोडेन. शाळेमागे काड्यांचा जाळ मीच पेटवून आलो होतो. ठरावातल्या काड्या त्या ह्याच, हे डोक्यात आलंच नाही!

भाषण रंगलं आणि मांडवात धूर शिरला.

"हा धूर कसला?" मॅडमनी विचारलं.

"धुकं आहे, मॅडम."

"भर दुपारी?"

"आमच्याकडे जरा उशिराच पडतं."

तेवढ्यात नाना धावत आले आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडले, "भाऊ, तुमनी काडी मस्त पेटनी! वांगा भाजाई ग्यात, आखो काड्या टाकू का?"

मॅडमनी भरीत दोनदा मागून घेतलं. जाताना म्हणाल्या, "नियम राज्यासाठी घेऊ. त्यातल्या उठाबशा तेवढ्या गाळू. तुमच्या गावाला मात्र तुमचा ठराव लागू आहे, सरपंच."

पुढच्या ग्रामसभेत मी कान धरले. मोजायला नाना! संपत आल्या की आकडा विसरायचे आणि परत एकपासून.

खरी काडी ही, बरं का! आणि ती ठरावात बसतच नाही.