नकाशावर नसलेलं गाव

आपल्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, तेव्हा त्याच्या आधीचं ते गाव कुठेतरी असणारच, असं लग्न होऊन जळगावात आल्यापासून मी धरून चालले होते. तुमचे आजोबाही तसंच समजत. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे तेव्हा भूगोलाचा नकाशा भिंतीवर दिसला की त्यात ते गाव शोधायचे. खानदेशात नव्हतं, वऱ्हाडात नव्हतं, कोकणातही नव्हतं.

घरात एवढंच सांगत की आपला एक पूर्वज जर्मन होता आणि मराठी सरदारांच्या फौजेत पगारावर तोफा डागायचा.

थोरल्या, हे मुख्यतः तुझ्यासाठी, धाकटीनेही वाचावं. आपल्याशी जुळणारं एक आडनाव तू तिकडे जर्मनीत शोधून काढलंस. तुला ते कायद्याने परत घ्यायचं आहे आणि येणाऱ्या बाळाला तेच लावायचं आहे. "आजी, फक्त इकडून खात्री हवी," म्हणालास. मग फोनवर ते नाव म्हणायला शिकवलंस. त्याच्या शेवटी आपला 'कर' नाही, घसा खरवडल्यासारखा 'खर' आहे. मला जमेना. "गुळण्या करतेयस का?" म्हणून तू हसलास.

तो पूर्वज ज्या गावी येऊन राहिला असं बोललं जातं, ते धुळ्याच्या पुढे पांझरेकाठी आहे. आपल्या घरात त्या गावाबद्दल एकच रीत: तिथलं पाणी प्यायचं नाही. मला तो घराण्याचा ताठा वाटायचा.

धुळ्याच्या माझ्या चुलत दिरांनी, नानांनी, गाडी काढली. वाटेत म्हणाले, "वहिनी, तिथे आडनाव कुणी विचारलं तर तुम्ही बोलू नका. मी बघतो."

"का हो?"

"आमच्या वडिलांनी, आबांनी, सांगून ठेवलंय. कारण काही सांगितलं नाही."

गावात शिरलो तेव्हा दुपार होती. माणसं शेतात होती, बांधावर कापसाच्या पऱ्हाट्या जळत होत्या आणि त्यांचा धूर गल्लीत येऊन थांबला होता. गावाच्या टोकाला पडकी गढी होती. आपल्याकडे गढीची पांढरी माती लोक धाब्याच्या घरांच्या छपरावर टाकायला नेतात, हळूहळू अख्खी गढी खाली बसते. या गढीला मात्र कुणी कुदळ लावलेली दिसेना.

समोर निंबाखाली एक म्हातारी नातीला मांडीवर घेऊन बसली होती.

"राम राम, अक्का," नाना म्हणाले.

"कोठेन उनात?"

"जळगावथीन. गढी देखाले."

"तठे काय शे आते? उंदीर नी साप. शहरना लोके माती देखाले येतस!" ती मनापासून हसली.

आम्हा परक्यांना पाहून पोरीने भोकाड पसरलं. म्हातारीने तिच्या तोंडावर हात ठेवला. "चूप बस, नही ते तो ई जाई!" आणि 'तो' कोण, त्याचं नाव तिने घेतलं.

तू शिकवलेलं नाव. घशातल्या त्या खरखरीसकट, मला जे जमत नव्हतं ते अगदी तसंच. पोरगी गप्प झाली.

मी जपून विचारलं, "हा कोण, अक्का?"

"टोपीवाला. सोनेरी दाढीना. बठ्ठं गाव गढीमा लपेल व्हतं, बायका, पोऱ्या. त्यानी दरवाजावर तोफ लावी." मागच्या आठवड्यातली गोष्ट सांगावी तसं ती सांगत होती. "एक पोर उरनी. तिले त्यानी घरमा ठेवी लिधी."

"आणि त्यांची मुलंबाळं?"

"कोठे गयात कोनले ठाऊक! कधी सापडनात, ते त्यासले पानी बी नही देवूत." मग माझ्याकडे नीट पाहत तिने विचारलं, "तुमनं आडनाव काय शे, माय?"

नानांनी आपलं आडनाव सांगितलं.

"ते कोनतं गाव?"

"कोकणमा शे, अक्का."

त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. पूर्वी कधीतरी आपल्यातल्याच कुणीतरी, असंच कुणी विचारल्यावर, त्या 'खर'चा 'कर' करून टाकला असणार. एकदा 'कर' आला की मराठी माणूस गाव विचारतो आणि पुढे निघून जातो.

"कोकनी मानसं! एवढी लांबथीन!" म्हातारी उठली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. नको म्हटलं असतं तर तिने 'का?' म्हणून विचारलं असतं. मी प्यायले. ती शेवटच्या घोटापर्यंत बघत उभी होती. म्हणाली, "पुढना टाइमले नातवंडे संगे लई या."

परतताना नानांनी गाडी गावाबाहेर काढली. मग म्हणाले, "पोराला कळवा, काही सापडलं नाही म्हणून." मी बरं म्हटलं.

पण सापडलं आहे. तुझा अंदाज बरोबर आहे, नाव तेच आहे, आणि अर्जावर सही करण्याआधी ते तुला कळायला हवं. त्या तोफा डागणाऱ्याचे आपण, तसेच त्या उरलेल्या पोरीचेही. तिचं नाव मी विचारलं होतं. म्हातारी म्हणाली, ते गावात कुणालाच ठाऊक नाही.

बाळाला काय लावायचं ते तुम्ही नवरा-बायकोने ठरवा. ते नाव लावलंत, तर मात्र बाळाला घेऊन त्या गावाला जायचं नाही, एवढं माझं ऐका.