शेपूट नसलेला हत्ती

बापूंनी कोटाच्या खिशातून फोटो काढून माझ्या टेबलावर ठेवला. "आमचे होणारे जावई. कोलंबोला काढलाय. मागे हत्ती बघा."

हत्ती बघायची मला गरज नव्हती. तो माझ्याच स्टुडिओत, बापूंच्या पाठीमागे, भिंतीवर लटकत होता. त्याच्यापुढे स्टुलावर बापूंची मुलगी कुमुद पदर सावरून बसली होती. जावयांकडे पाठवायला तिचा फोटो काढायचा होता.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली काही वर्षं. कल्याण स्टेशनजवळ माझा लहानसा स्टुडिओ होता. तेव्हा गिऱ्हाइकाच्या मागे रंगवलेला कापडी पडदा लावत. इतरांकडे ताजमहाल असे, म्हणून मी हौसेने सिलोन रंगवून घेतलं. आमचा पेंटर ठाण्यापलीकडे कधी गेला नव्हता. तरी एकाच पडद्यात मी त्याला सगळं बेट काढायला लावलं. समुद्र, माड, चहाचा मळा, बुद्धाचं देऊळ आणि शेवटी हत्ती. हत्तीच्या मागच्या पायापाशी कापड संपलं आणि शेपूट राहून गेलं.

महिन्यापूर्वी पारनाक्याचे नाना आपल्या मुलाला, मधुकरला, घेऊन आले होते. मधुकर कोलंबोला चहाच्या कंपनीत क्लार्क होता, अगदी खरोखरीचा. रजेवर आला होता.

"इतकी वर्षं तिकडे, आणि एक फोटो नाही!" नाना चिडले होते. "मुलीकडचे विचारतात, पुरावा काय?"

"फोटो कशाचा काढू? ऑफिस, खोली आणि खानावळ."

मी विचारलं, "तिकडे हत्तींची मोठी मिरवणूक निघते ना?"

"कॅंडीला. बुद्धाचा दात हत्तीवरून मिरवतात. गेलेलो मी एकदा. पाऊस होता. मला छत्र्या दिसल्या."

"हे असलं मुलीकडे बोलायचं नाही," असं बजावून नानांनी त्याला माझ्या हत्तीपुढे उभं केलं होतं.

आता तोच फोटो परत माझ्यापुढे आला. मी झटपट कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यात डोकं खुपसलं. म्हटलं, उरकून टाकावं. पण कुमुदने फोटो उचलून पाहिला, मग मान वळवून मागे पाहिलं.

"बापू, सिलोनच्या हत्तींना शेपूट नसतं का हो?"

"नसेल. तिकडची जात वेगळी."

"मग ह्यालाही नाही."

बापू वळले. त्यांनी दोन्ही हत्ती ताडून पाहिले आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "फसवणूक! मुलगा सिलोनला गेलेलाच नाही! मोडलं लग्न!"

कुमुदचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं. हातभर कापडापायी पोरीचं ठरलेलं लग्न मोडत होतं, आणि ते कापड मी वाचवलं होतं. मी ताबडतोब नानांकडे माणूस धाडला. बापलेक धावत आले.

बापूंनी नानांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेट मधुकरलाच विचारलं, "अशोकवन पाहिलंत?"

"डोंगरात एक जागा दाखवतात म्हणे. रजा मिळाली नाही."

"रावणाची सोन्याची लंका?"

"कौलारू घरं आहेत."

"खातात काय?"

"भात. नारळाच्या रसातलं कालवण. सुकी मासळी."

"अरे, ते मुखवट्यांच्या नाचाचं सांग!" नाना मध्येच ओरडले.

"भुतं उतरवायला नाचतात. शेजारी नाचले होते. मला झोप लागली नाही."

बापू विजयी मुद्रेने माझ्याकडे वळले. "ऐकलंत? माड, कौलं, भात, सुकी मासळी, भुतं! अहो, ही आमची रत्नागिरी झाली. परदेश असा असतो का?"

मधुकरने पासपोर्ट पुढे केला. बापूंनी तो उघडलासुद्धा नाही. "ज्यांना हत्ती बनवता येतो, त्यांना शिक्का काय जड आहे?"

मला हसू आवरेना. ज्या हत्तीवर त्यांनी सकाळपर्यंत विश्वास ठेवला होता, तो माझ्या पेंटरचा होता. आणि समोर खरंखुरं सिलोन बोलत होतं, तर ते त्यांना पटत नव्हतं.

तेवढ्यात कुमुद स्टुलावरून उठली. "मी तिकडे आले तर मला काय वाटेल?"

मधुकरने जरा विचार केला. "कंटाळा येईल. डास आहेत. संध्याकाळी समुद्रावर वारा असतो, तेवढं बरं आहे."

नानांनी कपाळावर हात मारला. कुमुद मात्र बापूंना म्हणाली, "हे तिथे राहिलेत, बापू. रचून सांगणाऱ्याने याहून बरं सिलोन रचलं असतं."

बापूंनी टेबलावरचा फोटो उचलून परत कोटाच्या खिशात ठेवला. पुढच्या महिन्यात लग्न झालं.

लग्नानंतर आठवड्याभराने बापू स्वतः जोडप्याला घेऊन स्टुडिओत हजर. "त्या पडद्यापुढेच काढा. मोठा काढा. डोंबिवलीत आमच्याकडे येणारे-जाणारे विचारतात, कोलंबोचा फोटो नाही का म्हणून."

मधुकर काही बोलणार, तोच कुमुदने हळूच त्याची बाही ओढली.

मग बापू माझ्या कानाशी आले. "पण आधी त्या हत्तीला शेपूट काढून घ्या."

मी पेंटरला बोलावलं, पडद्याला हातभर कापड जोडलं आणि शेपूट काढून घेतलं. पुढे तो फोटो बापूंच्या बैठकीच्या खोलीत लागला. लोक तो पाहून कोलंबोचं कौतुक करत, आणि बापू मान डोलवत. धंद्यात मी तेव्हापासून एकच नियम पाळला. पडद्यावर जनावर काढायचं तर पुरं काढावं. खोटेपणा गिऱ्हाईक खपवून घेतं, अर्धवट काम नाही.