साफसफाईचे चार दिवस

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, आमच्या दाजींना, राग आला की आधी हात बोलायचा आणि मग तोंड. बांधकामावर प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून तेवीस वर्षं काढली, त्यात तिघांचे दात घशात घातले. मी त्याच साइटवर गोदाम सांभाळतो. त्यामुळे घरी ताईपुढे आणि कामावर साहेबांपुढे सारवासारव करणं माझ्याच नशिबी.

तरुणपणी त्यांच्या डोळ्यांदेखत एक कच्चा स्लॅब कोसळला होता. खालच्या सुताराचे दोन्ही पाय गेले. मालकांना सात दिवसांत स्लॅबखालचे टेकू काढून हवे असायचे, दाजींना अकरा. वाद घालून घसा कोरडा व्हायचा. म्हणून ते वेळापत्रकात प्रत्येक स्लॅबनंतर लिहायचे, 'साफसफाई, चार दिवस', आणि टेकू काढणं त्याच्यानंतर. साफसफाईला कोण नाही म्हणणार? तेवढ्यात स्लॅब घट्ट व्हायचा. या लबाडीचा त्यांना केवढा अभिमान!

मग वेळापत्रकं आखायला एआय आलं. साहेब म्हणाले, "तुमची जुनी वेळापत्रकं सगळी त्याला द्या, ते शिकेल." दाजींनी दिली. चार दिवसांचं खरं कारण मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. एआयला दिसलं की एवढ्याशा मजल्याच्या साफसफाईला अर्धा दिवस पुरतो. त्याने साडेतीन दिवस छाटले आणि टेकू काढायचा निरोप थेट सेंटरिंगच्या, म्हणजे टेकू-फळ्या लावणाऱ्या, मिस्त्रीच्या फोनवर धाडला. दाजींनाही तोच निरोप आला होता, पण ते असले निरोप वाचायचेच नाहीत. "मी काय त्या यंत्राचा कारकून आहे?" म्हणायचे.

त्या सकाळी गेटमधून शिरताच वरून घणाचे आवाज आले. दाजी धावले, मागे मी. तिसऱ्या मजल्यावर मिस्त्री आणि त्याची सहा माणसं टेकू पाडत होती. निम्मे आडवे झाले होते.

"थांबव! सगळ्यांना बाहेर काढ!"

"अहो साहेब, फोनवरच आलंय, हे बघा—"

पुढचं दाजींनी ऐकलंच नाही. ठोसा जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मिस्त्री डोक्यावर आपटला आणि निपचित पडला.

त्याची माणसं दाजींवर तुटून पडली. एकाने बरगडीत पाइप घातला, दुसऱ्याने नाक फोडलं. मी मध्ये पडलो, तर माझ्या कपाळावर पाना बसला. दाजी रक्त थुंकत, शिव्या हासडत जिन्याकडे सरकले. "या की भेकडांनो, या!" सहाही जण मागे धावले. त्यांना बाहेर काढण्यासाठी दाजी हे करत होते की स्वतःचा जीव वाचवत होते, मला अजून कळलेलं नाही. मीही खाली उतरलो. मिस्त्री वर आहे, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. खाली ते दाजींना लाथांनी तुडवत होते आणि वर स्लॅब कोसळला.

मिस्त्री दुपारी सापडला. तोंडावरून ओळखता आला नाही.

चौकशीत एआयच्या नोंदी काढल्या. त्याने दिलेल्या माहितीबाहेर काहीच केलं नव्हतं. माहिती दाजींची होती. त्यांची नोकरी गेली, ते ठीकच झालं असं मला वाटतं, आणि तसं वाटल्याबद्दल माझी मलाच चीड येते.

बरगड्या बांधलेल्या असतानाच ते मिस्त्रीच्या घरी गेले. दाजींमुळे आपण वाचलो, असं ते सहा जण तिथे आधीच सांगून गेले होते. मिस्त्रीच्या बायकोने दाजींना पाणी दिलं आणि विचारलं, "शेवटचं काय बोलले हो ते?"

"काहीतरी दाखवत होता, वहिनी. मी बोलू दिलं नाही. ठोसा मारून पाडलं त्याला, म्हणून तो आत राहिला."