डोमाजींच्या लेकी

माझे सासरे डोमाजी ज्या घरी झाड देत, त्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. भर वैशाखात गोंदियाच्या बंगल्याबंगल्यांतून फिरायचे, घशाला कोरड पडलेली असायची, पण कुणी तांब्या पुढे केला की हात जोडायचे. "पोरीच्या घरचा पानी बाप पेत नाई, मालक," एवढंच म्हणायचे आणि पुढे कुठल्या तरी विहिरीवर जाऊन ओंजळ धरायचे.

झाडं म्हणजे त्यांच्या लेकी. रोप विकलं की बाकीचे माळी मोकळे होतात. आमचे मामाजी, सासऱ्यांना मी मामाजीच म्हणे, पहिला उन्हाळा सरेपर्यंत खबर घ्यायला जात. आळं कोरडं दिसलं की घरमालक कितीही मोठा असो, त्याला ऐकून घ्यावंच लागे. एका वकिलाच्या बकऱ्यांनी चाफा ओरबाडला, तर मामाजींनी कुदळ मागवली, चाफा मुळासकट काढला आणि खांद्यावर टाकून घरी आणला. वकीलसाहेब फाटकापर्यंत ओरडत आले. मामाजी मागे वळूनही न बघता म्हणाले, "जाचात पोरगी नाई ठेवत आमी."

रेल्वे आली तेव्हा गोंदियाचं स्टेशन म्हणजे नुसता उघडा मुरूम होता म्हणे. मामाजींच्या वडिलांनी नवेगावच्या जंगलाकडून बैलगाडीने कडुनिंबाची, करंजाची रोपं आणून स्टेशनच्या रस्त्याला लावली आणि रुळांपलीकडे रोपांची वाडी घातली. पुढे धानाच्या गिरण्या आल्या, विड्यांचे कारखाने आले, शेठ लोकांचे बंगले उठले. प्रत्येकाला फाटकाशी गुलमोहर पाहिजे, खिडकीखाली मोगरा पाहिजे, मागे कलमी आंबा पाहिजे. सगळं गाव आमच्याच वाडीतून हिरवं झालं. लोक तिला डोमाजीची बाडी म्हणत.

इंग्रज जायच्या बऱ्याच आधी मी जवळच्याच गोरेगावहून ह्या घरात सून म्हणून आले. माझ्या नवऱ्याला मातीचा भारी तिटकारा. शेणाचा वास आला की नाकाला उपरणं लावायचा. मामाजींनी त्याचा नाद सोडला आणि मला वाडीतल्या जुन्या आंब्याखाली नेलं. गावातला झाडून सारा कलमी आंबा त्या एका झाडाचा. कुंडीतलं कोवळं रोप मचाणावर चढवायचं, रोपाची आणि आंब्याच्या फांदीची साल खरवडून दोघांना एकमेकांशी बांधायचं, आणि सांधा जुळेपर्यंत रोज पाणी घालायचं. जुळला की मगच कापून उतरवायचं. घाई केली की रोपही गेलं आणि फांदीही गेली.

मला ते जमलं. त्यांच्याहून बरं जमलं, असं तेच गिऱ्हाइकांना सांगत. "तू सून नाई बाई, लेक होय माही," म्हणायचे. "माह्या मांगं हे बाडी तुही. तूच पाहशीन." हुरळले मी! का नाही हुरळणार? नखांत माती, पदराला खत, घरात नवऱ्याचे टोमणे, पण वाडी माझी होणार होती ना.

मग तो दिवस आला. एका गिरणीवाल्या शेठच्या बंगल्यात मी मधुमालतीचा वेल बांधायला गेले होते. त्या बंगल्याभोवतीची एकूण एक झाडं आमची. ओसरीवर मामाजी शेठजवळ बसलेले दिसले. शेठ म्हणाले, "लीजिए डोमाजी, अब तो अपना ही घर समझिए." आणि मामाजींनी सरबताचा पेला उचलून रिकामा केला. माझ्या हातातली सुतळीच गळाली.

घरी आल्यावर विचारलं, "मामाजी, पोरीच्या घरी काऊन पेले?"

त्यांनी चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाले, "बाडी देली शेठले. नवी गिरणी टाकून रायले थे. पोराले मुकादम करतो म्हनले."

पोराला! ज्याने जन्मात एका रोपाला पाणी घातलं नाही, त्या पोराला! माझं डोकंच फिरलं. "आन मले म्हनलं होतं, त्याचं काय?"

मी काहीतरी भलतंच बोलले असं त्यांच्या तोंडावर दिसलं. "तू त लेक होय ना माही," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "लेकीले कोनी जमीन देते का?"

रागाने नव्हे हो, मायेने म्हणाले. तेच मला आजवर पचलेलं नाही.

तेव्हा आंब्यावर माझी कलमं बांधलेली होती. सांधे जुळायला अजून महिना तरी हवा होता. मी पाया पडले, शेठला तेवढं थांबायला सांगा म्हटलं. वकिलाच्या अंगणातून चाफा उपटून आणणारा हा माणूस खाली मान घालून म्हणाला, "शब्द देला म्या."

पोळा झाला आणि शेठची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. मी मचाणावर चढून एकेक कलम कच्चंच कापलं. मामाजी खाली उभं राहून कुंड्या धरत होते आणि रडत होते. रडा, म्हटलं मनात. खुशाल रडा.

त्यानंतर ते फार जगले नाहीत. आजारपणात मी सगळं केलं. पेज भरवली, पाय चेपले. एकदा त्यांनी विचारलं, "बाई, रागावली काय अजून?" मी "हो" म्हटलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. शेजारणी म्हणतात, मरत्या माणसाशी खोटं बोलली असतीस तर सुखाने गेले असते. डोंबलाचं सुख! बापावर करावी तशी माया केली होती मी त्यांच्यावर, अजूनही करते. म्हणूनच खोटं बोलवलं नाही.

कच्ची उतरवलेली बहुतेक कलमं वाळून गेली. जी थोडी तगली, ती मी गावात ओळखीच्यांच्या परसात लावली. आता ती भरभरून फळतात. लोक आंबा चोखत मला कौतुकाने सांगतात, डोमाजींच्या हातचं झाड बरं का हे! मी आजवर ऐकून घेत आले. पण तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, मलाही नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ती झाडं माझ्या हातची आहेत.