दव्हाँ म्हणजे समोर

लातूरच्या एसटीत मी तोंडातल्या तोंडात शब्द घोळवत बसले होते. शेजारी लोह्याला चढलेली एक बाई होती, मांडीवर मेथीच्या जुड्यांची पिशवी. तिनं बराच वेळ माझ्या ओठांकडं बघितलं आणि विचारलं, "कोणता जप हाय गं, माय?"

"जप न्हाई मावशी. परीक्षा हाय."

"कशाची?"

"नाचाची. पण शब्द फ्रेंच हायेत."

बाईनं जरा विचार केला. "मंग कर बाई, कर. मी न्हाई बोलत." पिशवी जवळ ओढून ती तोंड फिरवून बसली आणि अहमदपूर येईपर्यंत खरंच एक शब्द बोलली नाही. अनोळखी माणसानं त्या दिवशी माझ्यासाठी एवढं केलं, हे मी विसरलेले नाही.

पुढच्या सीटवर मॅडम डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या नव्हत्या. त्यांचा अंगठा पर्सच्या बंदावर सारखा फिरत होता, त्यावरून कळत होतं.

मॅडमचे यजमान रेल्वेत. त्यांची बदली झाली होती आणि महिनाअखेर घर हलणार होतं. नांदेडच्या ज्या हॉलमध्ये त्या लहान मुलींना बॅले शिकवायच्या, तो हॉल त्यांना माझ्या हाती द्यायचा होता. पण मुलींच्या पालकांनी तोंडावरच विचारलं होतं, "नववी अर्धी सोडलेली पोरगी शिकवणार?" मॅडम म्हणाल्या, तिच्याकडं प्रमाणपत्र असेल तर? तर चालेल, असं ठरलं. परीक्षा घ्यायला मुंबईच्या एक बाई लातूरला येणार होत्या. पास झाले तर हॉल माझा. नाही झाले तर हॉलला कुलूप आणि मी जळकोटकडच्या आमच्या गावी परत. तिथं भावानं माझ्यासाठी पाहुणे बघून ठेवले होते, फक्त माझ्या येण्याची वाट होती.

नांदेडहून आमचं गाव फार लांब नाही, असं लोक म्हणतात. नकाशात लांब नसेल. मी आत्याकडं राहायला आले तेव्हा पहिले कित्येक दिवस गोदावरीच्या पुलावरून जाताना मला रडू यायचं. नदी ओलांडली की आपण परक्या मुलखात, असं वाटायचं. मग जयंतीच्या कार्यक्रमात आमच्या गल्लीच्या पोरींबरोबर मी स्टेजवर नाचले. मॅडम कुणाबरोबर तरी बघायला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आत्याचं घर विचारत विचारत आल्या आणि म्हणाल्या, "हिला माझ्याकडं पाठवा. फी नको." आत्यानं चहा ठेवला, पण संशयानंच.

नाच मला येत होता. अडायचे शब्द. बॅलेत प्रत्येक हालचालीला फ्रेंच नाव. शिक्षकानं नाव उच्चारायचं, मुलींनी ती हालचाल करायची. म्हणजे नाव चुकलं की सगळी रांगच चुकली. ताँद्यू म्हणजे पाय ताणणं. प्लिये म्हणजे गुडघ्यात वाकणं. पा द शा म्हणजे मांजराची उडी. लिहिलेलं वेगळं, म्हणायचं वेगळं, शेवटची अक्षरं तर जणू शोभेलाच ठेवलेली. हातांच्या हालचालीला पोर द ब्रा म्हणतात. ते मी घरी मोठ्यानं म्हणून बघितलं तर आत्या भाकरी थापायची थांबली.

"काय बोलून राहिलीस गं?"

"ब्रा म्हणजे हात, आत्या. फ्रेंचमधी."

"हात असू दे न्हाईतर पाय. मामंजी बाहीर बसलेत. हळू म्हण."

मी हळू म्हणायचे. मग वर्गातही ते हळूच निघायचं आणि मॅडम ओरडायच्या, "शेवटच्या मुलीला ऐकू गेलं पाहिजे!"

फ्रेंच र गळ्यातून काढायचा असतो. मॅडम पाण्याचा घोट घेऊन गुळण्या करायला लावायच्या, तरी माझा र जिभेवरच नाचायचा. हॉलच्या खाली एका चाचांचं शिलाईचं दुकान होतं, मुलींचे घेरदार फ्रॉक तेच शिवायचे. जिन्यात माझ्या गुळण्या ऐकून एकदा त्यांनी विचारलं, "क्या हुआ बेटी, गला खराब?" मी अडचण सांगितली. ते हसले. "अगं, हा तर आपला ग़ हाय. ग़रीब म्हण. ग़लत म्हण. गळा जरासा घासून." दुपारभर त्यांच्या मशीनच्या तालावर मी ग़लत ग़लत म्हणत बसले, आणि संध्याकाळी वर जाऊन मॅडमला म्हटलं, "रेव्हेराँस." म्हणजे तासाच्या शेवटी शिक्षकाला वाकून करायचं अभिवादन. मॅडम खुर्चीतून उठल्या. "परत म्हण!" मी परत म्हटलं. मग आम्ही दोघी खाली जाऊन चाचांना सांगून आलो.

पाठ करायची एकच रीत मला ठाऊक होती. आमच्या वस्तीतल्या विहारात पौर्णिमेला वंदना व्हायची. पुढं एक काका बसायचे, वयानं थकलेले, आवाजानं नाही. ते पाली ओळ म्हणायचे, आम्ही पोरं मागून म्हणायचो. अर्थ मोठं झाल्यावर कळला, त्याआधी ओळी ओठांवर बसल्या होत्या. तसंच मी फ्रेंच शब्द ओळीनं बसवले. पण ओळीनंच. मॅडमनी मधलाच एखादा शब्द विचारला की मला मनात पहिल्यापासून सुरू करून तिथवर यावं लागायचं, आणि तोवर संगीत पुढं निघून गेलेलं.

"परीक्षेत त्या बाई ओळीनं विचारणार नाहीत," मॅडम म्हणायच्या. हे त्या रागानं म्हणत नव्हत्या, आणि त्याचंच मला जास्त भय वाटायचं. त्यांनी माझ्यासाठी पालकांशी वाद घातला होता. मी नापास झाले तर त्यांचा शब्द पडणार होता.

शेवटी मी प्रत्येक शब्दाला एकेक काम जोडलं. फाँद्यू म्हणजे वितळलेलं. त्यात गुडघा हळूहळू खाली जातो, तव्यावरचा गूळ बसतो तसा. फ्रापे म्हणजे आपटलेलं, पायानं जमिनीला चापट. मग शब्द सुटे झाले, हवा तेव्हा हवा तो हाताशी यायला लागला. मला वाटलं, आता झालं.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आलीच नव्हती. विहारात आम्हा पोरांना काकांचं एकच सारखं सांगणं असायचं, "पाय आत घे." मूर्तीकडं पाय नको, वडीलधाऱ्यांकडं पाय नको. बसून बसून मुंग्या आल्या आणि कुणी पाय लांबवला की लगेच मांडीवर टिचकी. हॉलमध्ये शेजारच्या मुलीला माझा पाय लागला तरी माझा हात आपोआप तिला शिवून छातीशी जायचा. मॅडम चिडवायच्या, "हे कुठल्या देशातलं पोर द ब्रा?" मी हसायचे. त्या हॉलमध्ये समोर आरसा होता आणि मॅडम बाजूनं फिरत शिकवायच्या. माझ्या पायासमोर कधी माणूस आलंच नव्हतं.

लातूरला एका शाळेचा हॉल घेतला होता. बाहेर बाकावर चार-पाच जणी, सगळ्या माझ्यापेक्षा नीटनेटक्या, आपापसात इंग्रजी बोलणाऱ्या. माझं नाव पुकारलं तेव्हा मॅडम आत यायला निघाल्या, तर दारातल्या माणसानं थांबवलं. फक्त उमेदवार. मॅडमनी माझा खांदा दाबला आणि सोडला.

आत आरसा नव्हता. आरशाच्या जागी बाई होत्या. पांढरे केस, गुडघ्यांवर शाल, खुर्चीला टेकवलेली काठी. आणि खुर्ची इतकी जवळ की मी मनातल्या मनात आधी नमस्कारच केला.

"प्लिये," बाई म्हणाल्या. केलं. "फ्रापे." केलं. "आवाज ऐकू दे, तूही म्हण." म्हटलं. माझा र ऐकून त्यांनी मान जराशी वर केली. मला धीर आला.

"ताँद्यू दव्हाँ."

पाय जमिनीवरून घासत समोर ताणायचा, टाच वर, बोटं टेकलेली. माझा पाय निघाला आणि अर्ध्या वाटेत आपण होऊन बाजूला वळला.

"दव्हाँ," बाई पुन्हा म्हणाल्या.

मी पाय आणला, परत काढला. तो परत बाजूला गेला. जणू खुर्चीभोवती कुणी रेघ आखली होती.

बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. "शब्द येत नाहीत का तुला?"

"येतात."

"दव्हाँ म्हणजे काय?"

"समोर."

"मग समोर का जात नाही पाय?"

बाहेर मॅडम दाराला कान लावून उभ्या असणार. काहीतरी बोलायचंच होतं, आणि बोलताना माझी शुद्ध भाषा पार निघून गेली. "समोर तुम्ही हायेत, बाई. तुम्ही मोठ्या. तुमच्याकडं पाय कसा करू?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. हसतील असं वाटलं, नाहीतर चिडतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. "मी खुर्ची हलवू का बाजूला?"

हाव म्हणायला माझे ओठ उघडले होते. खुर्ची हलली असती तर पाय गेला असता, त्यात शंका नव्हती.

"हलवते," त्या म्हणाल्या, "पण उद्या कार्यक्रमात समोर माणसंच बसतील. त्यांनाही हलवशील? आणि तुझ्या मुलींना काय शिकवशील, समोर म्हणजे थोडंसं बाजूला?"

स्टेजवर मी माणसांसमोरच नाचले होते. पण तिथं पाय जमिनीवर पडायचा, कुणाला दाखवायचा नव्हता.

"न्हाई. नका हलवू," मी म्हटलं. "आधी रेव्हेराँस करू का?"

"तो शेवटी असतो."

"माहीत हाय. पण आधी करू द्या."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "कर. वेळ तुझाच जातोय."

मी एक पाय मागं नेला, गुडघे वाकवले, हात उघडला, मान खाली घातली. मनात काकांना म्हटलं, जरा वेळ डोळे मिटा. मग उभी राहिले आणि पाय काढला. सरळ. बाईंच्या शालीच्या टोकाकडं. या वेळी तो वळला नाही.

बाईंनी माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. चाचा कापडाचा काठ बघतात तसं त्या फक्त पाऊल बघत होत्या. "टाच अजून पुढं." मी केली. "नाही, अशी." आणि काठीला धरून, कण्हत, त्या खुर्चीतल्या खुर्चीत वाकल्या आणि त्यांनी माझी टाच हातात धरली.

त्या वयाच्या बाईचा हात माझ्या पायाला. मी पाय झटकन ओढायला गेले.

"पाय आत घेऊ नको," बाई म्हणाल्या. "राहू दे तिथंच."

मी राहू दिला. त्यांनी टाच वळवली, बोटं दाबून खाली केली, आणि परत टेकून बसत म्हणाल्या, "आता कळलं का पाय कुठं जातो ते? देरिएर." म्हणजे मागं. मागं तर कुणीच नव्हतं.

त्यानंतर त्यांनी कसंही विचारलं, मधलं, शेवटचं, परत पहिलं. मला ओळ आठवावी लागली नाही. लातूरच्या काही लहान मुली आत आणल्या आणि मला त्यांचा सराव घ्यायला सांगितला. "पोर द ब्रा!" मी म्हटलं. दारातला माणूस वळून बघायला लागला. शेवटच्या मुलीला ऐकू गेलं होतं. मी निघाले तेव्हा बाई म्हणाल्या, "आणि रेव्हेराँस शेवटीही असतो." मी दारातून परत येऊन तो केला.

निकाल मॅडमच्या फोनवर आला तेव्हा त्या सामान बांधत होत्या. त्यांनी फोन माझ्यापुढं धरला, आणि मला इंग्रजी नीट वाचता येत नाही हे आठवून स्वतःच वाचला. पास. बाईंनी खाली लिहिलं होतं की रेव्हेराँस शेवटी असतो हे लक्षात ठेवावं, बाकी ठीक. मी मॅडमच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी धरून उभं केलं आणि आम्ही दोघी त्या पुठ्ठ्याच्या खोक्यांमध्ये उभ्या राहून रडलो.

मॅडम गेल्या. जाताना त्यांची खुर्ची ठेवून गेल्या. मी ती आरशापुढं मांडली आणि पहिल्या दिवशी तिच्यात बसले. खरं तर मला बसवत नव्हतं. चूक बोलले तर आता सावरायला कुणी नव्हतं. मुली रांगेत उभ्या राहिल्या. मी त्यांना आधी रेव्हेराँस करायला लावला, शेवटी तर असतोच. मग म्हटलं, "ताँद्यू दव्हाँ," आणि ती सगळी इवली पावलं माझ्याकडं आली. मला खुर्ची मागं घ्यावीशी वाटली. नाही घेतली.

दारात एका मुलीचे वडील उभे होते, नववीबद्दल विचारणारे तेच. ते जरा अवघडून म्हणाले, "मॅडम, लेकरं तुमच्याकडं पाय करून राहिलेत."

"हाव," मी म्हटलं. "दव्हाँ म्हणजे समोर." आणि त्यांच्या मुलीची टाच नीट करायला खाली वाकले.